भुलीचे डॉक्टर

भुलीच्या डॉक्टरांना कुणी पेढे देत नाही. पोटातला गोळा निघाला, बाळ सुखरूप झालं, मोडलेलं हाड बसलं की पेढ्यांचा बॉक्स सर्जनच्या केबिनमध्ये जातो. ज्यानं तुम्हाला दोन-तीन तास या जगातून उचलून बाजूला ठेवलं आणि परत जागेवर आणून ठेवलं, त्याचं नावही पेशंटला माहीत नसतं. थोरात डॉक्टरांचं असंच होतं. शिरूरपासून दौंडपर्यंतच्या निम्म्या घरांतल्या कुणाला ना कुणाला त्यांनी झोपवलं असेल, पण बाजारात भेटल्यावर नमस्कार करणारं माणूस विरळा. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मलाच राग यायचा. एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, "सिस्टर, पेशंटच्या लक्षात मी राहिलो, तर माझं काम बिघडलं म्हणायचं."

मी ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची सिस्टर. घर दौंडला आणि नोकरी शिरूरला, एका सर्जनच्या दवाखान्यात. डॉक्टरही दौंडचे. ज्या दवाखान्यातून फोन येईल तिथं जायचं, असं त्यांचं काम; आज शिरूर, उद्या वरवंड, परवा दौंडातच. आमच्याकडे ऑपरेशन असलं की ते मला गाडीतून न्यायचे. मागच्या सीटवर त्यांची औषधांची पेटी, ऑक्सिजनचा लहान सिलिंडर आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी दिलेला डबा. एसटीतल्या चेंगराचेंगरीपेक्षा बरं, पण गाडी इतकी सावकाश की उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून जायचे. मी म्हणायचे, "डॉक्टर, पेशंट आपोआप बरा होईल तोवर." ते नुसते हसायचे.

दिसायला माणूस अगदीच साधा. उंच, थोडा वाकलेला, डोळ्यांखाली कायम काळं. झोप नाही. सुमनवहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या आणि तोंडाच्या फटकळ. मला म्हणायच्या, "बघा हो, दिवसभर गावाला झोपवून येतात आणि रात्री आढ्याकडं बघत पडतात. मी म्हणते, एक इंजेक्शन स्वतःलाही घ्या." डॉक्टर चहाचा कप अर्धा ठेवून उठायचे. हा अर्धा कप वहिनींना आयुष्यभर पुरला भांडायला.

त्यांची एक पद्धत होती. दुसरे डॉक्टर पेशंटला आकडे मोजायला लावतात. हे विचारायचे, "तुमच्या घरी यायचं तर कसं यायचं?" खेड्यातलं माणूस भीतीनं अर्धमेलं झालेलं असलं तरी या प्रश्नाला उत्तर देतंच. स्टँडवर उतरा, पिठाच्या गिरणीपासून वळा, असं सांगता सांगता गडी झोपून जायचा. एकदा इनामगावची एक म्हातारी टेबलावर होती. म्हणाली, "नदीच्या अंगाला या. कालिजातल्या लोकांनी जुनी गाडगी उकरली न्हाई का, त्या टेकाडाच्या अलीकडं वळायचं, मंग मारुतीचं देऊळ लागतं, आन्..." आणि झोपली. ऑपरेशन लांबलं. शेवटी भूल उतरली, डॉक्टरांनी खांद्यावर थोपटून हाक मारली, तर म्हातारी डोळे न उघडता म्हणाली, "आन् त्याच्या म्हागं आमचंच घर."

आम्ही सगळे हसलो. डॉक्टरही हसले. परत येताना कुरकुंभकडं जाणारे टँकर पुढं लागले होते, म्हणून आणखीच सावकाश चाललेलो. मग म्हणाले, "झोपेतून उठल्यावर निदान आपण झोपलो होतो एवढं तरी कळतं. हिला तेही नाही. मधले तास हिच्या बाजूनं झालेच नाहीत. कुठं गेली होती ती?"

"टेबलावर होती की," मी म्हटलं. "मी समोर उभी होते."

"शरीर होतं."

"मग बाई कुठं जाणार? टाके घालताना मला तर सगळी तिथंच दिसली."

"तेच तर," ते म्हणाले. "रोज बंद करतो, रोज चालू करतो. काय बंद करतो ते मला सांगता यायचं नाही."

मी आमच्या विहारात ऐकलेलं सांगितलं, की मी-मी म्हणणारा असा आत कुणी बसलेला नसतो, सगळं क्षणाक्षणाला होत असतं आणि जात असतं. त्यांना ते बरंचसं पटलं. पण म्हणाले, "होत असतं हे खरं. पण ते कळतं कुणाला?" मला घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या होत्या.

हे सगळं तोवर गाडीतल्या गप्पांसारखं होतं. ते जिव्हारी लागलं खुटबावच्या आबांमुळं.

आबा म्हणजे बडं प्रस्थ. तेव्हा साखर कारखान्याची निवडणूक लागलेली आणि आबांनी फॉर्म भरलेला. त्यात पित्ताशयातल्या खड्यांचं दुखणं उठलं आणि आबा आमच्या टेबलावर आले. पूर्ण भूल देताना एक औषध झोपेचं असतं, एक दुखू नये म्हणून आणि एक अंग ढिलं पडावं म्हणून. हे तिसरं लागू पडलं की माणूस पापणीही हलवू शकत नाही. आबा ढिले पडले, मॉनिटरवर सगळं ठीक, सर्जनसाहेबांनी काम सुरू केलं. आणि तोंडही. आमचे साहेब हाताइतकेच तोंडानं चपळ, आणि त्यांचे पाहुणे नेमके समोरच्या पॅनलमध्ये. पोट उघडलेलं असताना म्हणाले, "म्हातारा निवडून येतो म्हणतोय, पण याचा पोरगा बाळूच फुटलाय. परवा आमच्या पाहुण्यांकडं मटण खाऊन गेला. गुलाल आमचाच." ओटीत हशा पिकला. आपल्याकडं दोन माणसं जमली की कारखान्याचा विषय निघतोच, मधे कुणाचं पोट उघडं असेना का.

तिसऱ्या दिवशी राउंडला आबा म्हणाले, "भुलीचं डाक्टर कोन? त्यास्नी बोलवा." थोरात डॉक्टर आले. आबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मला सलाइन बदलायचं म्हणून राहू दिलं.

"डाक्टर, आमचा बाळू फुटलाय, व्हय?"

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. मटणापासून गुलालापर्यंत आबांनी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. आवाज चढवला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

आबा घरी गेल्यावर डॉक्टर मला घेऊन खुटबावला गेले. आबा ओसरीवर बाजेवर बसलेले. डॉक्टरांनी हात जोडून माफी मागितली. चूक माझी, औषध कमी पडलं, म्हणाले. आबांनी चहा सांगितला. मग डॉक्टरांनी विचारलं, "आबा, कसं वाटत होतं तेव्हा?"

आबा अंगणातल्या शेळीकडं बघत म्हणाले, "हाताला म्हनलं हल, तर हातच न्हाई. डोळं उघडावं म्हनलं, तर डोळं न्हाईत. वरडावं, तर तोंड न्हाई. पर मी व्हतो, डाक्टर. सगळाच्या सगळा व्हतो."

"दुखलं का?"

"वढल्यागत वाटत व्हतं. दुखलं ते निराळं."

"बाळूशी बोललात?"

"काय बोलू? कुठं कळलं म्हनून सांगू त्येला?"

आबांनी फॉर्म मागं घेतला. लोक म्हणाले, तब्येतीमुळं. पुढं बापलेकांचं बोलणं कायमचं तुटलं आणि बाळूला अजूनही कारण ठाऊक नाही. त्यानंतर थोरात डॉक्टर असतील त्या ओटीत पेशंटच्या कामाशिवाय चकार शब्द चालायचा नाही. आमच्या साहेबांची फार कुचंबणा झाली. पण डॉक्टरांच्या डोक्यात वेगळंच बसलं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, डोळे ठीक. आपल्याकडं मोजायला जे होतं ते सगळं मोजलं आणि त्यात आबा नव्हते. आणि आबा तर होते. हे ते पुन्हापुन्हा बोलायचे, मला पाठ झालं होतं.

पुढं एकदा शिरूरच्या एका कॉलेजच्या विज्ञान मंडळानं त्यांना मन आणि मेंदू या विषयावर बोलायला बोलावलं. स्टेजवर विज्ञानाचे एक प्राध्यापक होते आणि, दोन्ही बाजू याव्यात म्हणून, एक महाराजही. प्राध्यापक म्हणाले, मेंदू म्हणजे यंत्र, वायरी तेवढ्या समजायच्या राहिल्यात. महाराज म्हणाले, देह म्हणजे धर्मशाळा आणि आत्मा वाटसरू. दोघांनाही टाळ्या. मग डॉक्टर उठले. त्यांना माइक नीट धरता येत नव्हता.

म्हणाले, "विज्ञानाला मेंदूचं सगळं कळेल असं मला वाटतं. लिंबू जिभेवर पडलं की मेंदूत कुठं काय होतं, ते आज बरंच कळलंय, राहिलेलं उद्या कळेल. पण ज्यानं जन्मात लिंबू खाल्लं नाही त्याला हे सगळं पाठ करून घेतलं, तरी आंबट म्हणजे काय ते त्याला कळेल का? ते बाहेरून मोजून कसं सापडायचं, हेच मला उमगत नाही. रोज हेच काम करतो, तरी उमगत नाही."

महाराज खूश. "म्हणजे आत्मा मान्य झाला."

"नाही महाराज. मी तसं म्हटलं नाही. माझं दोन थेंब औषध जाईपर्यंत टिकतो आणि मग नसतो, असा आत्मा तुम्हाला चालेल का?"

प्राध्यापक आधीच नाराज झाले होते, आता महाराजही झाले. आभार मानणारा तर डॉक्टरांचं नाव घ्यायलाच विसरला. नारळ तेवढा मिळाला. तो गाडीत माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "चटणी करा, सिस्टर." मी त्यांना चांगलंच सुनावलं, की दोघांपैकी एकाच्या तरी बाजूनं बोलायचं होतं, निदान शाल मिळाली असती.

आणि मग वहिनी पडल्या.

सकाळी शाळेला निघताना, चपला घालता घालता. हृदय बंद पडलं. डॉक्टर घरात होते. त्यांनी तिथंच उंबऱ्याजवळ छाती दाबायला सुरुवात केली आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिले. हृदय चालू झालं. पुण्याला नेलं, बरेच दिवस ठेवलं आणि घरी आणलं ते असं, की श्वास चालतो, डोळे उघडतात, मिटतात, पण हाक मारली तर काही नाही. नाकात नळी, तिच्यातून पातळ जेवण. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवून सांगितलं, आत काही उरलेलं नाही.

मी ड्यूटीवर जाता-येता रोज जायचे. कूस बदलायची, पाठ पुसायची, नळी धुवायची. हे काम थकवतं. करणाऱ्याला माहीत. पण डॉक्टरांचा थकवा कामाचा नव्हता. त्यांना एकच हवं होतं, वहिनी आत आहेत की नाहीत एवढं कळायला. एकदा म्हणाले, "परत मीच आणलं तिला. काय आणलं ते तरी कळू दे."

गावाला मात्र सगळं कळत होतं. शेजारणी यायच्या, वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायच्या, "ओळखतात बघा." डॉक्टर शांतपणे सांगायचे, की डोळ्यांना आपोआप पाणी येतं, त्याचा अर्थ काही नाही. बायका बाहेर येऊन मला म्हणायच्या, "काय दगड माणूस हाय." मला त्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या. तो माणूस खोटा दिलासा घेत नव्हता, कारण त्याला खरा हवा होता. उलट कुणी म्हणालं, आता काही राहिलं नाही, सोडा आशा, तर त्यालाही म्हणायचे, "आबांचंही आम्हाला असंच वाटलं होतं."

रोज सकाळी तोंड पुसून झालं की ते वहिनींचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "सुमन, अंगठा हलव." थांबायचे. पुन्हा म्हणायचे. उजवा, मग डावा. अंगठा हलायचा नाही. कधी हलला, तर दुसऱ्यांदा सांगून हलायचा नाही, म्हणून डॉक्टर ते हलणं जमेस धरायचे नाहीत. बरेच महिने हे चाललं. एके दिवशी त्यांनी हात हातात घेतला आणि काहीच म्हटलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "ती नसेल तर मी भिंतीशी बोलतोय. आणि असेल, हलवता येत नसेल, तर मी रोज सकाळी तिची परीक्षा घेतोय आणि रोज नापास करतोय. बास झालं." मला तेव्हा रडू आलं. ते मी लपवलंही नाही.

थंडी संपता संपता वहिनींच्या छातीत कफ भरला. ताप, धाप. मुलगा निखिल पुण्याहून आला. पुन्हा पुण्याला नेऊन घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं की नाही, हा प्रश्न होता. निखिल पोरगा चांगला, पण तोही पिचून गेलेला. म्हणाला, "पप्पा, एकदाच सांगा. आई आहे का नाही? असेल तर नेऊ. नसेल तर कशाला?"

डॉक्टर म्हणाले, "मला सांगता येत नाही, निखिल."

"तुम्हाला नाही, तर कुणाला?"

"कुणालाच नाही. पण न्यायचं नाही. ती असेल, तर एवढं सगळं तिनं सोसलं ते पुष्कळ झालं."

मग त्यांनी पेटी उघडली आणि मॉर्फिन भरलं, धाप कमी व्हावी म्हणून. मात्रा बेतानं, दोनदा तपासून. निखिल बघत होता. म्हणाला, "आत कुणी नसेल, तर हे दुखणं थांबवताय कुणाचं?"

डॉक्टरांनी सुई टोचली, सावकाश औषध सोडलं, कापूस दाबून धरला. मग म्हणाले, "असली तर."

निखिल बाहेर अंगणात जाऊन बसला. हळूहळू वहिनींची धाप उतरली. दुपार झाली. मी फडकी पिळून टाकून आत आले, तर डॉक्टर खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेले. मान छातीवर, हात पलंगावर वहिनींच्या हाताशेजारी. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि वहिनींचे डोळे उघडे होते. हे डोळे एरवी ठरत नसत, छताकडं, भिंतीकडं, कुठंही वाहत जायचे. आता ते डॉक्टरांच्या तोंडावर होते. मी जवळ गेले, हलले नाहीत. मी मधे आले आणि बाजूला झाले, तरी तिथंच. मग पापण्या मिटल्या. मी डॉक्टरांना उठवलं नाही. त्यांनी जागं होऊन डोळ्यांत टॉर्च मारली असती, अंगठा हलव म्हटलं असतं. मला ते नको होतं.

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

हे सांगावं की नाही, यावर मी फार विचार केला. शेजारणींच्या ओळीत आपलंही नाव जाईल असं वाटायचं. दहावं झाल्यावर गेले. डॉक्टर व्हरांड्यात होते. गाडी, पेटी, सगळं विकून निखिलकडं राहायला जाणार म्हणाले. समोर चहा होता, ते पीत नव्हते. मी पाहिलं होतं ते सांगितलं, जसंच्या तसं, वर काही न लावता.

त्यांनी मधे तोडलं नाही. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "माझी खुर्ची कुठल्या बाजूला होती?"

"खिडकीच्या."

"मग उजेडाकडं गेले असतील. डोळे उजेडाकडं जातात."

"जातात," मी म्हटलं.

मला वाटलं विषय संपला. मी पिशवी उचलली.

"सिस्टर," ते म्हणाले, "पडदा कसा होता?"

"ओढलेला. तुमच्या अंगावर ऊन येत होतं, म्हणून फडकी पिळायला जाताना मीच ओढला होता. खोलीत अंधार होता."

मग दोन्ही हातांनी तोंड झाकून तो माणूस ढसाढसा रडायला लागला. मी उभीच राहिले.